अंतरपाट खाली येतो तेव्हा

वाचकाचं पत्र, थोडक्यात : सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून २३ वर्षांच्या वाचक मैत्रिणीने लिहिलं आहे. ती एका कार्यालयात हिशेबाचं काम करते. तीन वर्षांपूर्वी तिने कॅनन १५००डी घेतला, सोबत आलेली १८-५५ एमएमची झूम, म्हणजे किट लेन्सच अजून वापरते. गेल्या सीझनमध्ये दोन चुलत बहिणींच्या लग्नांत हौसेने फोटो काढले. हळदीचे सगळ्यांना आवडले, पण मंगल कार्यालयातले लग्नाचे फोटो हललेले आणि दाणेदार आले. आता तुळशीच्या लग्नानंतर मैत्रिणीच्या भावाच्या लग्नाची पहिली पैशांची ऑर्डर मिळते आहे, २५ हजारांची. तिच्याकडे ८० हजार साठले आहेत. दुकानदार म्हणतो, ‘लग्नं करायची तर फुल फ्रेमच घ्या, हप्ते करून देतो.’ (फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा; सेन्सर म्हणजे उजेड टिपणारी चिप.) वडील तिच्या नावाची तीन लाखांची ठेव मोडायला तयार आहेत. ती विचारते, ‘ताई, कोणता कॅमेरा घेऊ? आमच्याकडे लोक कॅमेरा बघूनच ऑर्डर देतात. माझा कॅमेरा बघून एक काका म्हणाले, एवढासाच का? तेव्हापासून मनात बसलंय की, कॅमेरा बदलल्याशिवाय मी फोटोग्राफर होणार नाही.’

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचे अकरा फोटो त्याहून जास्त वेळा पाहिले. फोटो मूळ फाइलसकट पाठवलेस हे फार बरं केलंस, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या फाइलींतच आहे.

आधी हळदीचा तो फोटो. परसात कनात बांधली आहे, सकाळचे दहा वाजलेले दिसतात, कापडातून गाळून आलेला मऊ उजेड बहिणीच्या गालावर आहे आणि मागे मावशी हळदीची वाटी घेऊन हसते आहे. मावशीचा हात बहिणीच्या गालाला लागायच्या किंचित आधी तू बटण दाबलंस. हे शिकवून येत नाही. मी २६ वर्षं लग्नांचे फोटो काढते आहे, आणि हा फोटो मी माझ्या अल्बममध्ये लावला असता. हा १५००डीने काढलेला आहे, याच किट लेन्सने.

आता दुसऱ्या दिवशीचा मंगलाष्टकांचा फोटो. फाइलमधली माहिती उघडून बघ : शटर १/३० (म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग उघडं), अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, एफ ५.६ (आकडा लहान तितकं तोंड मोठं), आयएसओ, म्हणजे उजेडाबाबतची संवेदनशीलता, ६४००. लेन्स ५५वर ताणलेली. म्हणजे काय झालं ते सांगते. कार्यालयात उजेड कमी. किट लेन्स झूम करून ५५वर नेलीस की तिचं तोंड एफ ५.६पेक्षा जास्त उघडतच नाही. कॅमेऱ्याने आयएसओ वाढवत वाढवत शेवटच्या पायरीपर्यंत नेला, म्हणून दाणे आले. तरी उजेड पुरेना म्हणून शटर १/३०वर आणलं, आणि १/३० सेकंदात नवरीची मान हलते, हार थरथरतो, तुझा हातही हलतो. कॅमेऱ्याने त्याच्या परीने सगळं केलं होतं. त्याला उजेड मिळाला नाही.

म्हणून पहिली गोष्ट मी तुला विचारते : बिघडलेला फोटो कॅमेऱ्यामुळे बिघडला हे कोणी ठरवलं? दुकानदाराने. त्याने तुझ्या फाइली पाहिल्या होत्या का?

थोडा हिशेब करू, तू हिशेबाचंच काम करतेस. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ तुझ्या सेन्सरच्या साधारण अडीचपट असतं. म्हणजे लेन्सचं तोंड तेवढंच उघडं असेल, तर उजेडाचा फायदा अडीचपटीच्या आसपास. याउलट तुझ्याच कॅमेऱ्यावर ५० एमएम एफ १.८ची लेन्स लावलीस, तर ती एफ ५.६च्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. ही लेन्स नवीन घेतली तरी दहा हजारांच्या आसपास मिळते. अगदी १.८वर न उघडता एफ २वर ठेवलीस तरी आठपट. तुझा तोच फोटो, तोच आयएसओ, पण शटर १/३०ऐवजी १/२५० मिळालं असतं आणि हार जागच्या जागी थांबला असता. किंवा १/१२५ ठेवून आयएसओ ३२००वर आणता आला असता, म्हणजे दाणेही कमी.

दुकानदाराच्या यादीतली आणखी एक गोष्ट बघ. ‘फुल फ्रेम जमत नसेल तर नवीन मिररलेस तरी घ्या’ असं म्हणून त्याने कॅननचा आर५० दाखवला असं लिहिलंयस (मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा). कॅमेरा चांगला आहे, डोळा शोधून फोकस धरतो, १५००डीचे नऊ फोकस पॉइंट त्यापुढे खरंच जुने वाटतात. पण त्यासोबत जी १८-४५ किट लेन्स येते ती एफ ४.५ ते ६.३ची आहे. झूम केल्यावर तुझ्या आत्ताच्या लेन्सपेक्षाही कमी उजेड घेणारी. म्हणजे ८० हजार जवळजवळ संपवून तू पुन्हा त्याच कार्यालयात, त्याच अंधारात उभी राहिली असतीस.

५० एमएमच्या अडचणीही आहेत, त्या लपवून ठेवत नाही. तुझ्या छोट्या सेन्सरवर ती ८० एमएमसारखी वागते. चेहरे, हात, मुंडावळ्या, डोळ्यांत आलेलं पाणी यांसाठी सुंदर. पण स्टेजवर २२ जणांचा ग्रुप उभा राहिला तर मागे सरकून सरकून तू खुर्च्यांवर आदळशील. ग्रुपसाठी किट लेन्स आणि फ्लॅश हीच जोडी ठेव. आणि १.८वर फोकसची पट्टी इतकी पातळ असते की, नवरीचे डोळे टिपले तर अर्धं पाऊल मागे असलेला नवरा सॉफ्ट, म्हणजे धूसर होतो. दोघं फ्रेममध्ये असतील तेव्हा एफ २.८वर ये. फोकससाठी मधलाच पॉइंट वापर, तुझ्या बॉडीत (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात) तोच सर्वांत खात्रीचा आहे.

(निकॉनवाल्या वाचकांसाठी एक ओळ. तुमच्याकडे डी३५०० किंवा डी५६०० असेल, तर ५० किंवा ३५ एमएम घेताना ‘एएफ-एस’ असं लिहिलेलीच, म्हणजे लेन्समध्येच मोटर असलेली घ्या. जुनी ‘एएफ’ ५० १.८डी स्वस्तात मिळते, पण या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसल्यामुळे ती लेन्स आपोआप फोकस करत नाही. मंगलाष्टकं चालू असताना हाताने फोकस करायची वेळ येईल.)

आता फ्लॅश. तू लिहिलंस, ‘फ्लॅशने फोटो चपटे येतात म्हणून मी वापरत नाही.’ कॅमेऱ्यावर उघडणाऱ्या त्या इवल्याशा फ्लॅशबद्दल बोलत असशील तर तुझं बरोबर आहे. नवरीच्या कपाळावर पांढरा डाग, मागच्या पडद्यावर काळी सावली. पण वर लावायचा वेगळा फ्लॅश घेऊन त्याचं डोकं छताकडे वळवलंस की तोच उजेड छतावरून पसरून खाली येतो. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या कार्यालयांचं छत पांढरं आणि ठेंगणं असतं, तिथे हे फार छान चालतं. उंच पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उघड्या लॉनवर चालत नाही. आणि छताला गुलाबी-जांभळा रंग दिलेला असेल तर नवरीचा चेहराही तसाच होतो, म्हणून हॉलमध्ये पाऊल टाकलं की आधी वर बघायची सवय लाव.

फ्लॅश विकत घेण्याआधी मात्र एक काम कर. तुझ्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर जी खाच आहे, हॉट शू, तिच्यात मधोमध धातूचा गोल ठिपका आहे का ते बघ. कॅननने १५००डी, ३०००डी अशा स्वस्त बॉडींमधून तो काढून टाकला. त्यामुळे इतर कंपन्यांचे बरेच फ्लॅश आणि ट्रिगर (दूरचा फ्लॅश पेटवणारी वस्तू) त्यावर लावले तरी पेटत नाहीत. काही नवे चालतात. म्हणून यूट्यूबवर बघून घरबसल्या मागवू नकोस. कॅमेरा घेऊन दुकानात जा, लाव, चार फोटो काढ, पेटला तर पैसे दे. आणि तो फ्लॅश पुढे कधी घ्यायच्या बॉडीवरही चालेल ना, हेही तिथेच विचार.

उजेडाच्या बाबतीत अजून दोन गोष्टी सांगायच्या राहतात, कारण हल्ली यातच जास्त फसायला होतं. तुझ्या चौथ्या फोटोत आडव्या काळपट पट्ट्या दिसतात. त्या कॅमेऱ्याच्या बिघाडाच्या नाहीत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, वेगवान शटरला कळतं. अशा स्टेजवर शटर १/१०० किंवा १/५०वर आणून बघ, पट्ट्या बहुतेक जातात. (मिररलेस वापरणाऱ्यांनी होमाजवळ आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावला, तर हाच त्रास जास्त होतो.) दुसरं, फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने न आवळलेल्या मूळ फाइलमध्येच काढ. एका बाजूने व्हिडिओवाल्याचा पांढरा लाइट, दुसरीकडून पिवळे बल्ब, मागे जांभळी एलईडी भिंत. जेपेगमध्ये हा गुंता नंतर सुटत नाही. हळदीच्या दिवशी तर ऑटो व्हाइट बॅलन्सवर (रंग आपोआप जुळवणाऱ्या सोयीवर) विसंबूच नकोस. फ्रेमभर पिवळा रंग दिसला की कॅमेरा तो ‘दुरुस्त’ करायला जातो आणि हळदीचा रंगच फिका पाडतो.

इथपर्यंत वाचून तुला वाटेल, म्हणजे ताईंचं म्हणणं आहे, नवीन कॅमेरा नकोच. नाही. हौसेसाठी नको. पण तू आता लोकांकडून पैसे घेऊन त्यांचं लग्न टिपणार आहेस, आणि त्या कामासाठी १५००डी अपुरा आहे, हे मी तुला स्पष्टच सांगते. कारण मात्र दुकानदाराने सांगितलं त्याहून वेगळं आहे.

तुझ्या कॅमेऱ्यात कार्ड एकच बसतं.

२०११ साली माझ्या एका लग्नात सप्तपदीनंतर कॅमेऱ्याच्या पडद्यावर ‘कार्ड वाचता येत नाही’ असा मजकूर आला. मी कार्ड काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. काही नाही. तेव्हा माझ्याकडे एकाच स्लॉटची, म्हणजे कार्डाची एकच खाच असलेली बॉडी होती. नंतर ते कार्ड दोन ठिकाणी दाखवलं, थोडे फोटो परत मिळाले, पण मंगलाष्टकांपासून लाजाहोमापर्यंतचे गेले ते गेलेच. मी पैसे परत केले, त्या घरच्यांनी मोठ्या मनाने मला एक शब्द बोलला नाही. पुढच्या वर्षी नवरीची आजी गेली. तिच्या मुलाचा फोन आला, ‘आईचा अक्षता टाकतानाचा एखादा फोटो सापडतो का बघा ना.’ मी त्या आजीचा फोटो काढला होता. खुर्चीत बसून, थरथरत्या हाताने, नातीकडे बघत. मला ती फ्रेम आजही डोळ्यांसमोर दिसते. देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

म्हणून पैशांच्या ऑर्डरला मी एकच अट धरते : प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर जायला हवा आणि पिशवीत दुसरी बॉडी हवी. सेन्सर किती मोठा, मेगापिक्सेल किती, हे त्याच्या खूप मागून येतं. फुल फ्रेम म्हणजे दोन स्लॉट असतीलच असंही धरून चालू नकोस. कॅननची आर८ फुल फ्रेम आहे, स्लॉट एकच. जुन्यांत ६डी मार्क २चंही तेच. उलट आर७ तुझ्यासारख्याच छोट्या सेन्सरची, पण स्लॉट दोन. दुकानदाराने तीन लाखांपर्यंतचे कॅमेरे दाखवले, पण स्लॉट किती, हे तू विचारलंस का, आणि त्याने सांगितलं का?

आता तुझ्यापुढचे रस्ते बघू.

तुझ्या नावाची ठेव मोडून आणि उरलेल्याचे हप्ते करून नवीन फुल फ्रेम घेणं, हा मला सर्वांत नको वाटणारा रस्ता आहे. आर६ मार्क २सारखी बॉडी आणि तिच्या तोलाची २४-७० एफ २.८ लेन्स घेतलीस तर तीन लाखही पुरणार नाहीत, आणि तरीही पिशवीत दुसरी चांगली बॉडी, फ्लॅश, हार्ड डिस्क यांतलं काही आलेलं नसेल. तुझ्या हातात आज एक ऑर्डर आहे. हप्ता दर महिन्याला भरावा लागतो आणि लग्नं बारा महिने होत नाहीत. चातुर्मास मोकळा जातो, पौषात बरेच लोक लग्न धरत नाहीत. वडील ठेव मोडायला तयार झाले, यात त्यांचा तुझ्यावरचा विश्वास दिसतो, तो फार मोलाचा आहे. त्यांना सांग, ‘बाबा, ठेव राहू दे. दोन सीझनचं काम दाखवते, मग आपण दोघं बसून ठरवू.’ बहुतेक त्यांनाही हायसं वाटेल.

दुसरा रस्ता वापरलेल्या बॉडीचा. कॅननचा ५डी मार्क ३ हा कॅमेरा २०१२चा, पण लग्नाच्या कामासाठीच घडवल्यासारखा. फुल फ्रेम, दोन स्लॉट, एक जुन्या, मोठ्या सीएफ कार्डाचा आणि एक नेहमीच्या एसडीचा. तुझी ५० एमएम त्यावर थेट बसेल. मात्र त्याचं शटर दीड लाख क्लिकचं मानलं जातं आणि लग्नवाल्याने विकायला काढलेल्या बॉडीने तेवढे कधीच ओलांडलेले असू शकतात. शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले ते बघितल्याशिवाय, स्वतःचं कार्ड घालून दोन्ही स्लॉटवर फोटो काढून बघितल्याशिवाय, लेन्स लावायच्या जागी वाकडेपणा तपासल्याशिवाय घेऊ नकोस. सीएफ कार्ड आता दुकानात क्वचित दिसतं, हेही लक्षात ठेव. वापरलेल्या वस्तूसाठी मुंबईला जाणार असशील, तर फोर्टातल्या बोरा बाजारात एक पूर्ण दिवस काढ, घाईने परतीची गाडी धरायची आहे अशा बेताने जाऊ नकोस. बिल नसेल तर कितीही स्वस्त असला तरी सोड.

तिसरा रस्ता, आत्ता लेन्स आणि फ्लॅश, बॉडी नंतर. मी तुला हा सुचवते. ५० एमएम, एक चांगला फ्लॅश, दोन नवी कार्डं, एक जादा बॅटरी आणि एक बाहेरची हार्ड डिस्क. ३०-३५ हजारांत हे बसायला हवं. हार्ड डिस्क तुझ्या यादीत नव्हती, पण तुझ्या कॅमेऱ्याचे दोन हजार रॉ फोटो म्हणजे ५०-६० जीबी जागा, आणि तेही दोन ठिकाणी ठेवायचे. उरलेले ४५ हजार बाजूला ठेव, पुढच्या सीझनपर्यंत त्यात भर पडू दे. मग आर७ किंवा वापरलेली आर६ बघ, दोन्हींत दोन स्लॉट आहेत. आत्ताच्या ईएफ लेन्स (कॅननच्या आरशावाल्या कॅमेऱ्यांच्या लेन्स) अडॅप्टर, म्हणजे जोडकडी लावून त्या बॉडींवर चालतात, म्हणजे आज घेतलेली ५० वाया जाणार नाही. १७-५५ एफ २.८सारखी ईएफ-एस, म्हणजे फक्त छोट्या सेन्सरसाठी बनवलेली लेन्स स्वस्तात मिळाली आणि मोह झाला, तर एवढं ध्यानात ठेव : ती आर७वर पूर्ण चालेल, आर६वर फोटो कापून देईल आणि ५डी मार्क ३वर बसणारच नाही. आधी पुढची बॉडी ठरव, मग ती लेन्स.

आणि नोव्हेंबरची ऑर्डर? ती सोड असं मी म्हणत नाही. पण एकटीने करू नकोस. तुझ्या तालुक्यात दोन स्लॉटची बॉडी घेऊन कामं करणारा कोणी ना कोणी असेलच. त्याला किंवा तिला सोबत घे, मुख्य विधी त्यांच्या कॅमेऱ्यावर, बाकीचे क्षण तुझ्या. २५ हजारांतले अर्धे द्यावे लागले तरी दे. असं कोणी मिळालं नाही, तर दोन स्लॉटची बॉडी भाड्याने आण, पण लग्नाच्या सकाळी नको. दोन दिवस आधी आण, बटणं बोटांना कळू देत, दोन्ही कार्डांवर फोटो जातात ना हे घरी तपास. तुझी १५००डी दुसरी बॉडी म्हणून खांद्यावर. आणि मैत्रिणीच्या भावाला खरं सांग की, ही तुझी पहिली ऑर्डर आहे. त्याला फोटो दाखव, मग त्याने ठरवू दे. ॲडव्हान्स किती, फोटो किती, अल्बम कोणाच्या खर्चाने, कधी देणार, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. ओळखीत तर हे आधी करायचं.

तोवर सीझन सुरू होईपर्यंत तुझ्याकडे वेळ आहे. तो यूट्यूबवर कॅमेऱ्यांच्या तुलना बघण्यात घालवू नकोस. बारसं, डोहाळजेवण, साठीशांत, मुंज, जे बोलावतील तिथे जा. मुंज तर लग्नाची उत्तम तालीम आहे, तिथेही गुरुजी कोणासाठी थांबत नाहीत, धूर असतो आणि बटूच्या चेहऱ्यावर दर मिनिटाला काहीतरी नवीन घडत असतं. जमलं तर एखाद्या जुन्या फोटोग्राफरकडे चार लग्नं असिस्टंट म्हणून कर. लाइट धर, बॅगा सांभाळ, आणि तो कुठे उभा राहतो ते बघ.

कारण लग्नात उभं कुठे राहायचं हे कॅमेरा शिकवत नाही. मंगलाष्टकांआधी गुरुजींना भेटून विचार की, अंतरपाट कोणत्या बाजूने काढणार. ज्या बाजूने कापड जाईल त्या बाजूला तू उभी असलीस तर नेमक्या क्षणी तुझ्यासमोर फक्त कापड आणि मामाची पाठ येते. ‘तदेव लग्नं’ कानावर पडलं की कॅमेरा डोळ्याला, फोकस आधीच चेहऱ्यावर धरून ठेवलेला. आयत्या वेळी धरायला गेलीस तर मधून उडणाऱ्या अक्षतांवर फोकस जातो आणि नवरा-नवरी मागे धूसर. त्याच वेळी चारी बाजूंनी मोबाइल वर येतात. त्यांच्यावर चिडू नकोस, थोडी खाली बसून त्यांच्या हातांखालून बघ. माझे काही फार आवडते फोटो तिथूनच आलेत.

माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता. ते याशिका कॅमेरा घेऊन लग्नाला जात, एका १२० रोलवर १२ फोटो. दहा रोल नेले तरी अख्ख्या लग्नाचे १२०. त्यामुळे ते सकाळी कार्यालयात सर्वांत आधी पोहोचत आणि रिकाम्या स्टेजसमोर पाच मिनिटं नुसते उभे राहत. उजेड कुठून येतो, खांब कुठे आहे, नवरीची आई कुठे बसेल. मी लहानपणी त्यांची बॅग धरून शेजारी उभी असायची आणि कंटाळायची. आज मी दोन हजार फोटो काढू शकते, तरी त्या पाच मिनिटांशिवाय सुरुवात करत नाही.

‘लोक कॅमेरा बघूनच ऑर्डर देतात,’ हे तुझं म्हणणं अगदीच खोटं नाही. तसे काका मलाही भेटले, शिवाय ‘मुलगी काय फोटो काढणार’ म्हणणारेही. पण ऑर्डर ठरते तेव्हा काका खोलीत नसतात, नवरी असते, तिची आई असते. त्या दोघी फोटो बघतात. तुझ्या सर्वांत चांगल्या २० फोटोंचा एक छोटा अल्बम छापून घे, मोबाइलवर दाखवू नकोस. हळदीचा तो फोटो पहिल्या पानावर लाव. आणि एक गोष्ट तुझ्या बाजूने आहे, तिचा संकोच न करता उपयोग कर : नवरीच्या खोलीत, ती तयार होत असताना, आई तिच्या केसांत गजरा माळत असताना तुला जाता येतं. त्या खोलीत पुरुष फोटोग्राफर बहुतेक दाराबाहेर थांबतो. तिथे खिडकी असते, खिडकीचा उजेड असतो, आणि तुझी ५० एमएम तिथे कोणत्याही महागड्या कॅमेऱ्याची बरोबरी करेल.

वरातीनंतर घरी परतायला मध्यरात्र होते, तेव्हा घरापर्यंत सोडायची सोय पार्टीने करायची, हे त्या सह्या केलेल्या कागदावर लिही. मला सुरुवातीला असं मागायची लाज वाटायची. तू वाटून घेऊ नकोस.

येत्या रविवारी एक कर. ५० एमएम विकत घेण्याआधी कोणाची तरी मागून किंवा एका दिवसाच्या भाड्याने आण. संध्याकाळी घरातला एकच दिवा लाव, आजीला किंवा आईला तुळशीपुढे वाती वळायला बसव आणि एफ २वर, शटर १/१२५च्या खाली न आणता वीस फोटो काढ. मग तेच वीस किट लेन्सने, ५५वर. दोन्ही मालिका मूळ फाइलसकट मला पाठव. तुझ्या हॉट शूमध्ये तो ठिपका आहे की नाही, तेही लिही. त्यावरून कोणता फ्लॅश चालेल ते मी पुढच्या पत्रात सांगते.